किती ताणावे?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो नववीत असल्यापासून मी त्याला ओळखतो. आता त्याचाच मुलगा नववीत शिकतो आहे. खुर्चीवर बसल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “फादर, मुलगा माझं ऐकतो. आठच्या आत घरी ये म्हटलं की येतो, मोबाइल ठेव म्हटलं की ठेवतो. पण माझ्याशी बोलत नाही. नियम सैल केला तर हातचा जाईल अशी भीती वाटते, आणि असाच घट्ट धरला तर मुका राहील. किती ताणू, तुम्हीच सांगा.”

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. घर चालवणाऱ्या, शाळा चालवणाऱ्या, चार माणसांची जबाबदारी घेणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतो. तुटेपर्यंत ताणू नये, असे आपली वडीलधारी मंडळी सांगत आली. सल्ला चांगला आहे. परंतु कोठपर्यंत जाऊ नये एवढेच त्यातून कळते, कोठे थांबावे ते कळत नाही. शिवाय तुटणे हाच काय तो धोका, असे त्यात गृहीत धरलेले आहे. न तुटताही बिघडणाऱ्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत.

त्याला उत्तर देण्यापूर्वी मला एक होडी आठवली. वाचकांना हे विचित्र वाटेल. म्हणून आधी त्या होडीविषयी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही धर्मगुरू वार्षिक तपसाधनेसाठी गोव्यात गेलो होतो. तपसाधना संपल्यावर मी दोन दिवस तेथेच राहिलो. जवळच्या समुद्रकिनाऱ्यावर नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ शाळकरी मुलामुलींना शिडाची होडी चालवायला शिकवीत असत. ती होडी आपल्या कोळी बांधवांच्या होडीसारखी नव्हती. दोन लांब, अरुंद होड्या एकमेकींना समांतर ठेवून आडव्या दांड्यांनी जोडलेल्या, मध्ये बसण्यासाठी ताणून बांधलेले जाळीदार कापड आणि त्यावर उंच डोलकाठी, अशी तिची रचना होती. तिला कॅटमरान म्हणतात. हा शब्द मुळात तमिळ भाषेतला. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे झाड किंवा लाकूड. तमिळ किनाऱ्यावरील कोळी ओंडके एकत्र बांधून समुद्रात जात, त्या तराफ्याचे हे नाव. पुढे ते परदेशी खलाशांच्या तोंडी गेले आणि दोन अंगांच्या होडीला चिकटले. मी पाहिलेली होडी ‘हॉबी 16’ या जातीची होती. कॅलिफोर्नियात लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या बनवणारे हॉबी आल्टर (1933–2014) यांनी 1968 साली पहिली लहान कॅटमरान बाजारात आणली आणि त्यानंतर थोड्याच काळात ही मोठी बहीण तयार केली. लांबी सुमारे पाच मीटर, वजन दीडशे किलोच्या आत. दोन माणसांनी वाळूवरून ढकलावी आणि लाटांतून थेट समुद्रात न्यावी, अशी ही होडी आहे.

तिचे शीड मला नवे होते. आपल्याकडच्या जुन्या गलबतांचे शीड म्हणजे परभाणाला लटकलेले मोकळे कापड. या शिडाला मात्र पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत आडव्या, अरुंद खोळी शिवलेल्या होत्या आणि प्रत्येक खोळीत फायबरग्लासची एकेक लवचीक पट्टी सरकवलेली होती. या पट्टीला बॅटन म्हणतात. कल्पना नवी नाही. चिनी जहाजांच्या शिडांत बांबूच्या अशा पट्ट्या शेकडो वर्षांपासून वापरात आहेत. नुसते कापड वाऱ्यात फडफडते आणि जिकडे ओढ बसेल तिकडे पसरते. पट्टी त्याला आकार देते. हा आकार पक्ष्याच्या पंखासारखा असतो. पुढच्या कडेच्या बाजूला फुगवटा अधिक, मागे सरकावे तसा तो कमी होत गेलेला. म्हणून पट्टीचे पुढचे टोक मुद्दाम पातळ ठेवतात, म्हणजे ती तेथे अधिक वाकते.

खोळीच्या मागच्या टोकाशी एक बारीक दोरी असते. ती ओढून बांधली की पट्टी दोन्ही टोकांकडून दाबली जाते आणि कमानीसारखी वाकते. दोरी किती ओढायची, यातच सारे मर्म आहे.

त्या दिवशी पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी दोऱ्या बांधत होती. मुलगी कामसू होती. तिने एकेक दोरी सारा जोर लावून ओढली आणि शीड उभे केले. मला ते फार देखणे वाटले. कोठे एक सुरकुती नाही, सारे शीड भरलेले, गुळगुळीत. तिच्या गुरुजींनी शिडाकडे पाहिले, पण ते काही बोलले नाहीत. वारा मंद होता, समुद्र शांत होता. मुलगी आणि तिचा एक सोबती होडी घेऊन निघाले. पहिला टप्पा उत्तम गेला. मग वळायची वेळ आली.

शिडाची होडी वाऱ्याच्या दिशेने सरळ जाऊ शकत नाही. तिला कधी डावीकडे तर कधी उजवीकडे तिरके जात, नागमोडी वाटेने पुढे सरकावे लागते. प्रत्येक वळणावर वारा शिडाच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर येतो. त्या क्षणी शिडाचा फुगवटा पलटला पाहिजे. उजवीकडे फुगलेले शीड डावीकडे फुगले पाहिजे. येथे ते घडले नाही. पट्ट्या इतक्या ताणलेल्या होत्या की मंद वाऱ्याला त्या पलटवता येईनात. होडीचे तोंड वळले, पण शीड जुन्याच दिशेला पोट काढून राहिले. होडी वाऱ्याच्या तोंडाशी अडकली, थांबली आणि हळूहळू उलटी सरकू लागली. मुलीने शिडाखालच्या दांडीला झटके दिले, तेव्हा एकेक पट्टी टपकन् पलटली.

ती किनाऱ्यावर आली तेव्हा गुरुजी एवढेच म्हणाले, “बाळ, तुझं शीड वाळूवर फार छान दिसत होतं.”

नंतर त्यांनी तिला, आणि शेजारी उभ्या असलेल्या मलाही, समजावून सांगितले. दोरी ढिली असेल तर पट्टीवरच्या कापडाला उभ्या सुरकुत्या पडतात. पट्टी आत असून नसल्यासारखी असते, शीड आकार धरत नाही. म्हणून दोरी ओढायचीच. ओढता ओढता एका क्षणी सुरकुत्या जातात. तेथे थांबायचे. त्यापुढे ओढलेली प्रत्येक बोटभर दोरी शिडाचे पोट खोल करते. वारा मध्यम असेल तेव्हा त्याचा फायदाही होतो, होडीला जोर मिळतो. पण वारा मंद असेल तर पट्टी पलटत नाही, आणि वारा सोसाट्याचा असेल तर एवढे खोल पोट होडीला पेलत नाही, ती कलंडते. शिवाय अति ताणाने खोळीची शिवणही उसवते. सगळ्या पट्ट्यांना एकच मापही चालत नाही. वरची पट्टी आखूड, खालची लांब. एखादी ताठ, एखादी मऊ. प्रत्येकीची दोरी वेगळी पाहावी लागते.

त्या दुपारी मी परत आलो ते एक जुने ओझे मनावर घेऊन. कारण ते देखणे, न वळणारे शीड मी पूर्वी पाहिले होते. ते मीच बांधले होते.

1999 साली, धर्मगुरू होऊन मला दोनच वर्षे झाली होती, तेव्हा एका शाळेला जोडलेल्या मुलांच्या वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे आली. मी गेलो तेव्हा तेथे कशाचा कशाला मेळ नव्हता. मुले वाटेल तेव्हा येत-जात, अभ्यासाच्या वेळी पत्ते चालत, लहानांचे जेवण मोठे खाऊन टाकत. वसतिगृहाला नियम हवे होते, हे मी आजही म्हणेन. ढिल्या शिडाचा त्रास सर्वांत दुबळ्याला होतो. तेथे तो पाचवी-सहावीच्या मुलांना होत होता. मी घंटा बसवली. उठण्याची, प्रार्थनेची, अभ्यासाची, जेवणाची, दिवे मालवण्याची. सहा महिन्यांत सारे सुरळीत झाले. लहान मुले पोटभर जेवू लागली.

सुरकुत्या गेल्या होत्या. मी तेथे थांबायला हवे होते.

परंतु पाहुणे येत, रांगेत चालणारी मुले पाहत आणि माझे कौतुक करीत. त्या कौतुकाची मला गोडी लागली. मग मी मुलांच्या मोकळ्या वेळेलाही घंटा लावली. घरी पाठवायचे पत्र कोणत्या वारी लिहायचे, रविवारी दुपारी कोणता खेळ खेळायचा, पेटीत कपड्यांच्या घड्या कशा ठेवायच्या, हे सारे मीच ठरवू लागलो. दोन मुलांचे भांडण झाले तर ते त्यांना मिटवू देण्याऐवजी मी निवाडा देत असे. एकही निर्णय मी मुलांसाठी शिल्लक ठेवला नव्हता. आणि हे सारे निर्विघ्न चालले होते, कारण वसतिगृहाच्या चार भिंतींत वारा सदैव मध्यमच असे. तेथे मोठे वादळ नव्हते आणि ज्यात माणूस एकटा पडतो तशी निर्वात पोकळीही नव्हती. अति ताणलेले शीड ज्या एकाच हवामानात शोभून दिसते, नेमके तेच हवामान मी मुलांना सहा-सहा वर्षे दिले.

माझा सर्वांत आज्ञाधारक विद्यार्थी दहावीनंतर तंत्रनिकेतनात शिकायला मुंबईला गेला. इतर मुलांना मी त्याचे उदाहरण देत असे. दुसऱ्या वर्षी तो सगळ्या विषयांत नापास झाला. त्याने घरी सांगितले नाही. वर्षभर तो रोज सकाळी डबा घेऊन खोलीतून निघत असे आणि दिवसभर लोकलमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असे. कोणतेही व्यसन नाही, वाईट संगत नाही, नुसते फिरणे. शेवटी वडिलांना कळले आणि त्यांनी त्याला माझ्याकडे आणले. मी त्याला विचारले, “तू असं का केलंस?” तो रागावला नव्हता, त्यामुळे त्याचे उत्तर मला अधिक लागले. तो म्हणाला, “फादर, तुम्ही मला घंटा ऐकायला शिकवलंत. तिथे घंटाच नव्हती.”

तो मुलगा मोडला नव्हता. तुटला नव्हता. त्याला फक्त वळता येत नव्हते.

सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकवले गेले, त्यात ॲरिस्टॉटलचा मध्यममार्ग होताच. बहुतेक जण त्याचा अर्थ दोन टोकांच्या बरोबर मधला बिंदू असा घेतात. मीही तसाच घेतला होता. प्रत्यक्षात ॲरिस्टॉटल नेमके याच्या उलट सांगतो. दहा माप अन्न फार झाले आणि दोन माप कमी पडले, म्हणून व्यायामशिक्षक सर्वांना सहा माप देत नाही. मिलोसारख्या नामांकित मल्लाला सहा अपुरे पडतील आणि नवशिक्याला जास्त होतील. मध्य हा माणसाच्या संदर्भात ठरतो आणि तो ओळखायला विवेक लागतो. याच ग्रंथात, न्यायाचा विचार करताना, तो लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या शिशाच्या मोजपट्टीचा दाखला देतो. ती ताठ नसते. दगडाच्या आकाराप्रमाणे ती वाकते. सर्वसाधारण कायदा जेथे अपुरा पडतो, तेथे त्या प्रसंगाला अनुरूप न्याय असा वाकता असावा, असे त्याचे म्हणणे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेला. ठेव मागताच परत करावी हा नियम योग्यच. परंतु एखाद्याने तलवार ठेव म्हणून दिली आणि वेडाच्या भरात ती परत मागितली, तर नियमाचे अक्षर पाळणे हे वाईट कृत्य ठरेल. असा विवेक हा कायद्यातून काढलेली पळवाट नसून स्वतः एक सद्गुण आहे, असे ते शिकवतात.

हे सारे मी परीक्षेत लिहिले होते आणि चांगले गुणही मिळवले होते. पण होडीच्या पट्टीने मला त्यात एक भर घालायला शिकवले. शिसे वाकते आणि वाकलेलेच राहते. त्याला स्वतःचा आकार नसतो. आज एका दगडाचा आकार, उद्या दुसऱ्या दगडाचा. बॅटनचे तसे नाही. ती वाकते, पण तिच्यात सरळ होण्याची ओढ सतत असते आणि त्या ओढीमुळेच शिडाला आकार येतो. उजवीकडे वाकते तेव्हा आणि डावीकडे वाकते तेव्हा तिचा बाक एकाच जातीचा असतो. फक्त बाजू बदललेली असते. चांगला नियम माणसाच्या अंगी असाच मुरावा. दिशा बदलली, गाव बदलले, पाहणारे डोळे गेले, तरी त्या बाजूलाही तोच आकार धरता यावा. वसतिगृहात प्रामाणिक असलेला मुलगा मुंबईच्या खोलीत एकटा असतानाही प्रामाणिक राहिला, तर तो नियम त्याचा झाला. नाहीतर तो केवळ माझ्या दोरीचा ताण होता.

येथे एक शंका कोणीही घेईल, आणि ती घ्यायलाच हवी. परिस्थितीप्रमाणे ताण बदलायचा म्हटले, की प्रत्येक जण आपल्या सोयीप्रमाणे बदलणार नाही काय? बदलतो, हे आपण रोज पाहतो. आपल्या मुलाला उशीर झाला तर रहदारी, आणि शेजाऱ्याच्या मुलाला उशीर झाला तर वळण नाही. थोरामोठ्यांच्या घरचे लग्न असले की नियमाची दोरी सैल होते, गरिबाचे असले की ती आवळते. आम्हां धर्मगुरूंवरही हा आरोप होतो आणि तो दर वेळी खोटा असतो असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. म्हणून भेद नीट ओळखला पाहिजे. माणसाची शक्ती पाहून ताण ठरवणे हा विवेक. माणसाचे तोंड पाहून ताण ठरवणे हा पक्षपात. वारा पाहून दोरी सोडणारा खलाशी आणि ओढण्याचा कंटाळा आला म्हणून दोरी सोडणारा खलाशी, दोघांच्याही हातून दोरी सुटलेलीच दिसते. फरक त्या खलाशालाच ठाऊक असतो. तसाच घट्ट करण्यातही फरक आहे. मुलाला आकार मिळावा म्हणून ओढणे वेगळे आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी वाहवा करावी म्हणून ओढणे वेगळे. मी दुसऱ्या जातीचे ओढले. ते ओढताना मी स्वतःला कर्तव्यदक्ष समजत होतो, हे त्यातले सर्वांत अवघड सत्य आहे.

मग नियम योग्य ताणला आहे की नाही, हे कशावरून ओळखावे? मूल ऐकते की नाही, एवढ्यावरून मला वाटते ते कळत नाही. ऐकणे हे वाळूवरचे शीड आहे. एखादा छोटा निर्णय पूर्णपणे त्याच्यावर सोपवून पाहावा. पैशांचा, वेळेचा, मैत्रीचा. तेथे ते चुकेल, आणि चूक परवडण्याजोगी असेल तेव्हाच ती घडू द्यावी. मंद वाऱ्यात, गुरुजी जवळ असताना अडकलेली होडी दोन झटक्यांत सुटते. त्या मुलीच्या गुरुजींनी शीड चुकीचे बांधलेले दिसत असूनही तिला जाऊ दिले, ते शांत समुद्र पाहूनच. सोसाट्याचा वारा असता तर त्यांनी तिला पाण्यात पाऊलही ठेवू दिले नसते.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्या संध्याकाळी केली. होडी वाळूवर ओढून आणल्यावर, शीड उतरवून गुंडाळण्यापूर्वी, त्यांनी मुलांकडून एकेक दोरी सैल करवून घेतली. मी कारण विचारले. ते म्हणाले, “फादर, रात्रभर ताणलेलं ठेवलं तर कापड कायमचं ओढलं जातं. मग कितीही नीट बांधा, पहिला आकार येत नाही.”

आता पुन्हा त्या संध्याकाळकडे येतो. समोर बसलेल्या माझ्या विद्यार्थ्याला मी ही होडीची गोष्ट सांगितली. त्याच्या वसतिगृहाची आठवण मी मुद्दाम काढली नाही. पण तो हसला, आणि त्याला ती आठवली आहे हे मला समजले. डबा घेऊन लोकलमधून वर्षभर फिरणारा मुलगा तोच होता. पुढे तो सावरला, एका कारखान्यात लागला, त्याने संसार थाटला. पण ती दोन वर्षे त्याला कोणी परत दिली नाहीत. एवढे होऊनही मुलाला किती ताणू, हे विचारायला तो माझ्याकडे आला, याचे मला आजही आश्चर्य वाटते आणि त्याहून अधिक संकोच वाटतो.

मी म्हणालो, “आठ वाजताचा नियम राहू दे. तो त्याच्या भल्याचा आहे. पण आठपर्यंतचा वेळ त्याचा आहे, त्यात तू घंटा वाजवू नकोस. तुझ्या बाबतीत मी ती वाजवली. माझं चुकलं.”

तो बराच वेळ खाली पाहत राहिला. बाहेर पाऊस थांबला होता. उठता उठता त्याने विचारले, “मग आज घरी जाऊन त्याला काय सांगू, फादर?”

मी म्हणालो, “आज काही सांगू नकोस. नुसता त्याच्याजवळ जाऊन बस.”